कासविणीला ऐकणारा कान

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. नुसताच कान, मागे डोकं नाही, म्हणून तर शास्त्रज्ञांनी मला कामाला ठेवलं. पाण्याखालचे आवाज टिपणारी काळ्या रबराची मूठ आणि लांब वायर, एवढाच माझा देह.

कासवं बहिरी नि मुकी असतात, असं जाड पुस्तकांत छापलेलं होतं. शास्त्रज्ञ नेइदेबाईंना ते पटेना. त्या मला ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या त्रोम्बेतास नदीत सोडून ऐकत बसायच्या. नावाडी वाल्देसिर म्हणायचा, "बाई, बोलणारं कासवच ऐकायचंय ना? माझ्या सासूला आणतो."

पण मी ऐकलं. मला वाळूत पुरलं, तेव्हा अंड्यांतली पिल्लं बोलत होती. पाण्यात एक कासवीण त्यांची वाट पाहत होती. बाईंनी बोटीतून पिल्लांचे आवाज वाजवले, तर ती ओ देत थेट बोटीपाशी आली. मग रोजच येऊ लागली. बाईंनी तिच्या पाठीवर निळा पट्टा ओढला. मला रुमालाने पुसलं. माझं झालेलं कौतुक ते एवढंच.

बाईंचा शोध मान्य झाला, तशी वाल्देसिरने मेजवानी दिली. तिकडे पाहुण्याचा मान म्हणजे कासव, त्याच्याच कवचात शिजवलेलं, वर कसाव्याच्या कंदाचं पीठ. कायदा नको म्हणतो, पण कायद्याला कुणी जेवायला बोलावत नाही.

"जाळंसुद्धा लागलं नाही, बाई. तुमचे ते आवाज वाजवले, आली. हाताने उचलली."

"पाठीवर निळा पट्टा होता?"

"होता ना. नीट खरवडलाय. रंग पोटात जायला नको तुमच्या."

बाईंनी चमचा खाली ठेवला.

"मीठ जास्त पडलं का?" त्याने काळजीने विचारलं.

नदीच्या त्या वळणावर ती एकटीच कासवीण उरली होती. बाकीच्यांनी आधीच्या पाहुण्यांचा मान राखला होता. आठवड्याने पिल्लं पाण्यात उतरली. आईच्या आवाजामागून ती पुराचं पाणी भरलेल्या जंगलात जायची असतात. ती हाका मारू लागली. मी ऐकत होतो.

बाईंनी आईचा टिपून ठेवलेला आवाज वाजवला. सगळी पिल्लं भराभर बोटीला येऊन चिकटली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आवाज बंद केला. बोटीपाशी यायची सवय त्यांना लावायची नव्हती.

पिल्लं बराच वेळ हाका मारत राहिली. मग थोडी. मग कुणीच नाही.

आता मी कपाटात असतो. मित्रांनो, तुमच्या हाकेला ओ देऊन कुणी जवळ आलं, तर त्याला परत जाऊ द्या.