जत्रेच्या दिवसाचा भाव

मालवण बंदराजवळ सत्यवान परबांचा बर्फाचा कारखाना आहे. कंपनी छोटी, भागधारक तिघे: सत्यवान, त्यांची बायको आणि मसुऱ्यात दिलेली धाकटी बहीण सावित्री. तिघांचा वाटा सारखा. दिवाळीनंतर कंपनीकडे आठ लाख शिल्लक राहिले. पुढच्या दिवाळीला नवे यंत्र घ्यायचे होते, तोवर पैसे पडून कशाला, म्हणून सत्यवानांनी शेअर घेतले.

फेब्रुवारीत आंगणेवाडीच्या जत्रेत, दर्शनाच्या रांगेत उभे असताना त्यांनी मोबाइल उघडला. आठाचे अकरा लाख झाले होते. पुढेच सावित्री होती.

“तीन लाख फायदो,” ते तिला म्हणाले. “तुझो वाटो एक लाख. दोनय खोल्यांवर पत्रे घाल.”

पर्यटकांसाठी सावित्री दोन खोल्या बांधत होती. भिंती उभ्या होत्या आणि पैसे संपले होते. पावसाच्या आत छप्पर झाले नसते तर भिंतीही गेल्या असत्या. तिने दुसऱ्याच दिवशी धोंडू सुताराला काम सांगून टाकले.

एकतीस मार्चला त्याच शेअरची किंमत सात लाख दहा हजार झाली.

एप्रिलमध्ये कंपनीचे हिशेब पाहणारी प्राजक्ता वर्षअखेरीच्या नोंदी करायला बसली. सत्यवान तिच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसले.

“शेअर अकरान धर,” ते म्हणाले.

“काका, अकरा जत्रेला होते.”

“देवीच्या दारात शब्द दिलंय मी.”

“ताळेबंद एकतीस मार्चचा असतो. विकण्यासाठी घेतलेले शेअर खरेदीची किंमत आणि त्या दिवसाचा बाजारभाव यांतल्या कमी रकमेने दाखवायचे. नव्वद हजार तोटा धरावा लागेल.”

“सुरू झाली पुस्तकातली भाषा. आणि त्या दिवशी अकरा आसते तर?”

“तरी आठच लिहिले असते. वाढ विकल्यावर मोजायची.”

“म्हणजे पडलो तर लगेच लिव आणि चडलो तर थांब. बरो न्याय आसा.” मग ते म्हणाले, “मगे आठच ऱ्हवांदे. विकलंव खंय आपण? तोटो झालोच नाय.”

प्राजक्ताने पेन खाली ठेवले. खिडकीतून कारखान्यातला फळा दिसत होता. बर्फाच्या उरलेल्या लाद्यांचा आकडा त्यावर सत्यवान रोज सकाळी स्वतः लिहीत.

“काल संध्याकाळी किती लाद्या उरल्या होत्या?”

“वीस.”

“मग आज फळ्यावर सतरा का लिहिल्यात? विकली तर एकही नाही.”

“बर्फ तो. इतळता.”

“याच सतरा लाद्या वीस सांगून मासेमार रफीकभाईंच्या होडीवर चढवल्या असत्या तर?”

“रफीक माका त्याच बर्फात पुरीत.” ते हसले. मग त्यांनी फळ्याकडे वळून पाहिले. “लिव नव्वद,” ते म्हणाले. “सगळा वजा करून उरता किती?”

कारखान्याचा नफा कर जाऊन दोन लाख चाळीस हजार होता. नव्वद गेले, राहिले दीड लाख. सावित्रीचा वाटा पन्नास हजार.

त्या रविवारी ते मोटरसायकलने मसुऱ्याला गेले. सावित्री अंगणात काजूबिया वाळत घालत होती. त्यांनी उभ्या उभ्याच सगळे सांगितले.

“शेअर विकलं होतंस तू?” तिने विचारले.

“नाय.”

“मगे जत्रेत माका काय दिलंस दादा? मोबाइल दाखवलंस.”

“चुकलंय मी.”

“धोंडूक काय सांगू? तो पत्र्यांची मापा घेवन गेलो.”

“एका खोलीचे आणूक सांग. पन्नास हजार नक्की. माझो वाटो तुका देतंय, दुसरी खोली जमवया.”

“तुझो वाटो नको. वयनी माका आयुष्यभर ऐकवीत.” तिने एक बी उचलून बाजूला टाकली. “एक खोली बास. दुसरीच्या भिंतींवर झावळां घालतंय.”

मेअखेर धोंडूने एका खोलीवर पत्रे चढवले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शेअर पुन्हा आठ लाखांवर गेले. सत्यवानांनी कारखान्याच्या दारात उभे राहून मोबाइल पाहिला. सावित्रीचा नंबर काढला, जरा वेळ बोट तसेच ठेवले आणि मोबाइल खिशात टाकला. मग आत जाऊन प्राजक्ताला म्हणाले, “विकूक काय करूचा लागता ता सांग. पैसे बँकेत आयले की फोन करूया.”