उसना हुंदका

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे आणि मला शिसारी फार लवकर येते. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझं तोंड वाकडं म्हणून नावं ठेवायला नको. तसं मला तोंड नाहीच. दोन कान आहेत, त्यांवर काळ्या स्पंजची टोपी, पोटात एक कार्ड, आणि मागे बॅटरीचं झाकण, तेही आता चिकटपट्टीच्या आधाराने तग धरून आहे.

कारखान्यात ज्या बाईने माझ्या कानांच्या तारा जोडल्या तिच्या हातांत स्वच्छ पांढरे मोजे होते. त्या मोज्यांनीच मला नाजूक करून ठेवलं. नंतर माझ्या वाट्याला जे हात आले ते काय सांगू. कुणी नाक पुसून मला उचललं, कुणी माझ्या टोपीवर शिंकलं. पण कामात मी पक्का होतो. माझा आवाज ऐकून लोक म्हणायचे, माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटतं. पुढे सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि मी एका खणात गेलो. तिथे एका वितळलेल्या खोकल्याच्या गोळीला चिकटून मी चार वर्षं काढली. ती चार वर्षं मी कुणाला विसरू देणार नाही.

त्या खणातून मला कानसेनने बाहेर काढलं. कानसेन हे त्या ऑफिसातल्या फोटो काढणाऱ्या बाईचं टोपणनाव. तिथे फोटो आणि आवाज एकत्र करून पाच-सात मिनिटांच्या गोष्टी बनवतात. पडद्यावर एकामागून एक स्थिर फोटो येतात, खाली माणसाचा खरा आवाज चालतो. फोटोही तीच काढायची आणि आवाजही तीच टिपायची. तिचं म्हणणं असं, की फोटो बिचारा मुका, त्याच्याकडून कुणीही काहीही वदवून घेईल, म्हणून त्याच्यासोबत त्याचा आवाज पाठवायचा. तिने मला स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, तेव्हा मी मनातल्या मनात रडलो.

तिची एक शिस्त होती. काम संपलं की त्या जागेची एक मिनिट नुसती शांतता टिपायची. खोलीगणिक शांतता वेगळी असते, आणि तोच तुकडा फोटोंच्या खाली सगळीकडे अंथरला की गोष्टीला सांधे दिसत नाहीत. त्या तुकड्याला ती नाव द्यायची, 'शांतता'. दरवेळी तेच नाव. चूक म्हणाल तर तिची एवढीच.

एका इस्पितळाच्या वर्धापनदिनासाठी आम्ही त्यांच्या धुलाईखान्यात गेलो. मित्रांनो, तो वास. रक्ताच्या, पुवाच्या, कशाकशाच्या चादरींचे ढीग. मला कार्डासकट ओकारी येईल असं झालं. तिथल्या धुलाईवाल्या मावशी मात्र त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून निवांत बोलत होत्या. तीस वर्षं त्या तीन नंबरचं मशीन सांभाळत होत्या. "रक्त गार पाण्यातच निघतं बरं का," त्यांनी कानसेनला सांगितलं. "रागाच्या भरात गरम पाणी ओतलं की डाग बसलाच म्हणून समज."

मग त्यांनी एका बड्या डॉक्टरांच्या कोटाच्या खिशातून निघालेल्या कवळीची गोष्ट सांगितली. कवळी मशीनमधून फिरून लख्ख होऊन आली, आणि डॉक्टर तोंडावर हात धरून ती मागायला आले. सांगता सांगता मावशींना इतकं हसू लोटलं की त्या मशीनला टेकून डोळ्यांवर मनगट दाबून उभ्या राहिल्या, तोंड उघडं, गाल ओले. नेमका तोच फोटो निघाला. नुसता बघाल तर म्हणाल, बाईवर आभाळ कोसळलंय. हसू होतं ते माझ्या पोटात.

मला कार्डासकट ऑफिसात ठेवून कानसेन आठ दिवसांच्या रजेवर गेली. तिचे वडील महिन्यापूर्वी गेले होते, त्यांचं घर आवरायचं होतं. गोष्ट जोडायचं काम कात्रीसाहेबांकडे आलं. हे कापाकापी करतात म्हणून कात्रीसाहेब, पण एवढी धार काही त्यांना नाही. तेलकट वेफर्स खात, बोटं चाटत, त्याच बोटांनी माझी बटणं दाबतात. कान आहेत म्हणून ऐकावं लागतं, पण ते चाटणं ऐकवत नाही.

धुलाईखान्याची शांतता शोधताना त्यांनी चुकीची 'शांतता' उघडली. तिच्यात एक घड्याळ टिकटिकत होतं, आणि चाळिसाव्या सेकंदाला एक हुंदका होता. इथवर चूक, मान्य. पण कात्रीसाहेबांनी तो पुन्हा ऐकला, बोट चाटलं आणि म्हणाले, "वा, काय माल आहे." मावशींचं हसू कापलं आणि त्या फोटोखाली तो हुंदका चिकटवला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी त्या दिवशी ऐकलं. कारण तो हुंदका कुणाचा ते मला माहीत होतं.

इस्पितळाच्या सभागृहात गोष्ट दाखवली. लोकांनी डोळे पुसले. दुसऱ्याच दिवशी धुलाईखान्याच्या मुकादमबाईंनी मावशींना मशीनवरून उठवलं आणि उशांच्या खोळी घड्या घालायला बसवलं. का, तर बिचारीचं मन खचलंय, जड काम नको. मावशी म्हणाल्या, मी रडलेच नाही. सगळ्या जणी म्हणाल्या, असू दे हो मावशी, माणूस आहे, होतं असं.

कानसेन रजेवरून आली त्या सकाळी मावशी ऑफिसच्या दारात उभ्या होत्या. कात्रीसाहेबांनी त्यांना पाणी देऊ केलं आणि समजूत काढायला लागले, की माणूस बोलण्याच्या भरात रडतो, नंतर आठवत नाही.

"मला माझं मशीन परत पाहिजे," मावशी म्हणाल्या. "आणि बाकीचं राहू दे, त्या हुंदक्यामागे टिकटिकतंय ते घड्याळ कुणाचं ते सांगा. आमच्याकडे घड्याळच नाही, वाफेने टिकत नाही. आणि ते तर लंगडतंय. टिक लांब, टॉक आखूड."

कानसेनने गोष्ट लावली, कानांवर हेडफोन चढवला आणि तिचा हात माझ्यावर तसाच राहिला.

"माझ्या वडिलांचं," ती म्हणाली. "आणि रडतेय ती मी."

वडील गेल्यावर पहिल्यांदा कुलूप उघडलं, तेव्हा तिने त्यांच्या खोलीची शांतता टिपली होती. ती परत ऐकायची तिला हिंमत झाली नव्हती. आता सगळ्या सभागृहाने ऐकली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती कात्रीसाहेबांकडे वळली, तोंड उघडलं. मावशींनी तिचं मनगट धरलं.

"गरम पाणी नको," त्या म्हणाल्या. "आधी डाग काढ."

दुपारपर्यंत कानसेनने गोष्ट नव्याने जोडली. दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात, जेवणाच्या सुट्टीत, त्याच लोकांना ती दाखवली. तोच फोटो आला, डोळ्यांवर मनगट, ओले गाल, आणि खालून मावशींचं खदखदणारं हसू. कवळीपाशी सगळे हसले, मुकादमबाई सर्वांत जास्त. चार वाजता तीन नंबरचं मशीन मावशींच्या हातात होतं. कात्रीसाहेबांनी माफी मागितली, वेफर्स खात.

आम्ही निघण्याआधी मावशी कानसेनजवळ बसल्या. "लाव ते मिनिट. एकटीने ऐकू नकोस," म्हणाल्या. दोघींनी हेडफोनचा एक एक कान वाटून घेतला. चाळिसाव्या सेकंदाला मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मिनिट संपल्यावर म्हणाल्या, "लंबकाचं घड्याळ भिंतीवर तिरकं टांगलंय, म्हणून लंगडतंय. माझं मशीनही असंच लंगडायचं, पायाखाली पुठ्ठा सरकवला तेव्हा थांबलं. बाबांचं घड्याळ सरळ कर, पोरी."

संध्याकाळी मला घेऊन कानसेन त्या घरी गेली. तिने दोन्ही हातांनी घड्याळ जरासं उजवीकडे सरकवलं आणि मला चालू केलं. टिक आणि टॉक आता सारखे. एक मिनिट, हुंदक्याशिवाय. या वेळी तिने त्याला नाव दिलं, 'बाबांची खोली'.

मित्रांनो, मी चादरींना नाक मुरडलं, पण त्या दुसऱ्या दिवशी स्वच्छ होतात. कात्रीसाहेबांच्या बोटांची शिसारी अजून माझ्या बटणांवर आहे. मला अडगळीत टाका, गोळीला चिकटवा, माझी तक्रार नाही. पण कुणाचा आवाज माझ्या पोटातून काढायचा असेल, तर आधी हात धुऊन या. साबणाने, आणि गार पाण्याने.