माझ्या काठावरची खोक

मित्रांनो, मी उखळ. पाइनच्या खोडाचं, कंबरेएवढं उंच, आणि आता फार जुनं. पण सारा जन्म बायकांच्या सहवासात गेल्यामुळे बोलते मात्र बाईसारखी. आज या संग्रहालयात तुम्ही माझ्याभोवती जमला आहात, आणि पलीकडे एक भला माणूस लुकणाचा डबा उघडून बसला आहे. माझ्या काठावरची खोक त्याला बुजवायची आहे. त्याआधी माझं एवढं ऐका.

अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या दलदलीत, एका भातमळ्यावर मी घडले. मला तासलं फिनटन नावाच्या आयरिश सुतारानं. बोटीच्या भाड्यापायी त्यानं आपल्या तरुणपणाची वर्षं मालकाला लिहून दिली होती. तो छिन्नीनं माझं पोट चौकोनी कोरू लागला, तशी कुंबा खळखळून हसली. समुद्रापलीकडच्या भाताच्या मुलखातून तिला धरून आणून इथं विकलं होतं.

"सुतारा, पेटी करतोयस का? निखारे घाल आत. आगीलाच कोरू दे."

त्यानं ऐकलं. माझं पोट छान गोल झालं.

"कुंबामाय, आपली दोघांची गत एकच बघ," तो म्हणाला.

"असं? तुझी सुटका कधी?"

"येत्या उन्हाळ्यात."

"आणि माझी?"

फिनटन छिन्नीला धार लावू लागला.

मग कुंबा आणि तिची लेक फेंडा माझ्यात साळ कांडू लागल्या. आईचं मुसळ जड, लेकीचं हलकं. धम्म, टप्. धम्म, टप्. एक वर जाताना दुसरं खाली, कधी एकमेकांना लागलं नाही. माझ्या पोटातून पांढरेशुभ्र तांदूळ निघत. मालकाचे पाहुणे वाहवा करत ती तांदळाची. मुकादम कोठीमागं सावलीत पडून असे. कांडणाऱ्यांवर तो डोळ्यांनी नाही, कानांनी पहारा ठेवी. एक ठोका चुकला की चाबूक घेऊन उठलाच.

एके दुपारी बातमी आली, फेंडाला उसाच्या मळ्यांच्या बेटावर विकलंय, उद्या बोट येणार. तिथं गेलेलं कुणी परत येत नसे. दक्षिणेला मात्र स्पॅनिश मुलूख होता. पळून आलेल्यांना तिथं मोकळं ठेवतात, असं सगळे कुजबुजत.

"पोरी, नीघ," कुंबा म्हणाली. हात थांबवला नाही. "खाडीला भरती आली की चिखलातली तुझी पावलं पुसली जातील. तोवर तुझं मुसळ मी बोलतं ठेवते."

"आई, दोन मुसळं? एकटी?"

"तुला पाठीला बांधून कांडलंय मी. नीघ म्हणते ना!"

फेंडा वेतांच्या रानात शिरली. आणि मित्रांनो, पुढं जे झालं ते आठवलं की माझ्या सुकलेल्या लाकडावर आजही शहारा येतो. कुंबानं दोन्ही हातांत दोन मुसळं धरली. उजव्याचं जाड टोक खाली, डाव्याचं निमुळतं. धम्म, टप्. धम्म, टप्. एक बाई, आणि आवाज दोघींचा! घाम टपटपत माझ्यात पडत होता. पाणी अजून लांब होतं. डावं मुसळ दर खेपेला थोडं कमी उठू लागलं.

फिनटन तिकडून फळी घेऊन चालला होता. त्यानं पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. पळणाऱ्याला मदत केली तर कराराची वर्षं वाढतात, हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं फळी खाली ठेवली आणि डावं मुसळ हातात घेतलं.

पहिलाच घाव काठावर! कड फुटली. कोठीमागं मुकादम खाकरला.

"खिळा ठोकतोयस का, मेल्या?" कुंबा दातओठ खात पुटपुटली. "माझा श्वास ऐक. मी सोडला की तू टाक."

धम्म... टप्. धम्म, टप्. मुकादम उठला नाही. खाडीत पाणी चढलं, चिखल गुळगुळीत झाला.

संध्याकाळी फेंडा कुठं दिसेना, तसा एकच आरडाओरडा. "दोन मुसळं माझ्या या कानांनी ऐकली!" मुकादम थयथयाट करत होता. मग त्याची नजर माझ्याकडं गेली. "बायका उखळाचा काठ फोडत नाहीत. हा हात हातोडीवाल्याचा."

"माझाच आहे," फिनटन म्हणाला.

त्याची तीन वर्षं वाढली. कुंबाच्या पाठीचं काय झालं, ते तिनं कधी सांगितलं नाही, मीही सांगणार नाही. जखमा सुकल्यावर ती परत कांडायला आली, तेव्हा फिनटन जवळच रंधा मारत होता.

"आता कधी रे सुटका?"

"मोजायचं सोडलं, कुंबामाय."

ती हसली नाही. पहिल्यांदाच तिनं आपल्या डोईवरच्या टोपलीतली भाकर मोडून त्याला अर्धी दिली.

फेंडाचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. तिच्या मागावर सोडलेली कुत्री दलदलीतून तशीच परतली, एवढं पाहिलं. पुढं यंत्रं आली आणि मी कोठीत कोंबड्यांच्या खाली पडून राहिले. पण कुंबा होती तोवर रोज सकाळी साळ ओतण्याआधी या खोकेत अंगठा टेकायची, आणि मगच मुसळ उचलायची.

म्हणून सांगते, माझी धूळ पुसा, मला वाळवी लागू देऊ नका. पण ते लुकण तेवढं बाजूला ठेवा. आणि बाळांनो, एकेकानं पुढं या. तुमचा अंगठा बसतो का, बघा.