काळ्या मातीवरची कमान

चतुराबाईला नसत्या चौकशा फार, हे सगळ्या बिडकीनला माहीत होतं. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शननंतर नवी सडक निघाली आणि ओढ्यावरच्या दगडी पुलाचं काम तिच्या नवऱ्याला, फकिरा गवंड्याला मिळालं, तेव्हा तर तिच्या चौकशांना ऊतच आला. कोरड्या ओढ्यात मातीचा ढीग रचायचा, त्याला कमानीचा गोल आकार देऊन शेणानं सारवायचं, त्यावर दगड बसवायचे आणि चुना पक्का झाला की खालची माती उपसून काढायची. माती वाहायचं, सारवायचं काम बायकांचं. मग खालची माती गेल्यावर दगड वर राहतात कशाच्या जोरावर, असं विचारून ती नवऱ्याचं डोकं खायची. जत्रेच्या रेटारेटीत माणसाला पडायलाही जागा नसते, तसं समज, एवढंच तो सांगे. तिचं काही समाधान होत नसे.

माघात शेवटचा दगड बसला. उन्हाळा सरत आला तरी फकिरा माती काढायचं नाव घेईना. चुना अजून कच्चा आहे, हे त्याचं रोजचंच. शेवटी सडकेच्या कामावर देखरेख करणारे ओव्हरसियर अनंतराव सायकलवरून येऊन बजावून गेले, की ओढ्याला पाणी आलं तर ते मातीला अडून तुंबेल आणि पूलच घेऊन जाईल; उद्या माणसं पाठवतो. रीत अशी, की माती निघताना कमान बांधणाऱ्यानं तिच्याखाली बसायचं. फकिराचा बाप दर वेळी बसला होता. फकिराची ही पहिलीच कमान.

त्या दुपारी त्याची भाकरी पुढ्यात तशीच राहिली, तेव्हा चतुराबाईनं खोदून खोदून विचारलं.

"तुमी बायांनी मुरूम सोडून शेजारच्या रानातली काळी माती घातली," तो म्हणाला. "मला शेवटचा दगड बसून कमान मिटल्यावर कळलं. काळी माती उन्हात आक्रसती. तिच्यासंगं दगड बी खाली सरकले असत्याल. माती काढली की समदी कमान खाली यील."

जवळ पडतं म्हणून ते रान तिनंच बायकांना दाखवलं होतं, आणि हा माणूस इतके दिवस एका शब्दानं बोलला नव्हता. तिला रडू आलं. पण रडता रडताच डोक्यात किडा वळवळला, की आक्रसली म्हणजे नेमकी किती?

ती तशीच भर उन्हात ओढ्यात उतरली. कमानीबाहेर आलेल्या ढिगाच्या उतारावर चढून माथ्यापाशी पालथी पडली आणि डोळा लावला. माती आणि दगड यांच्या मधल्या फटीतून पलीकडचं ऊन दिसत होतं. तिनं हात घातला. कोपरापर्यंत आत गेला, तरी कुठं अडला नाही. वरचे दगड जागच्या जागी होते, चुन्याला साधी चीरही नव्हती.

ती धावत जाऊन फकिराला घेऊन आली. त्यानंही हात घातला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

"कवापासून आपल्याच जोरावर उभी हाय ही?" त्यानं हळूच विचारलं.

"तुमी चुना कच्चा हाय म्हणत व्हता, तवापासून."

फकिरा हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी फावडी चालू झाली, तसा फकिरा रीतीप्रमाणं कमानीखाली जाऊन बसला. चतुराबाई त्याच्या मागोमाग गेली. बाईमाणसानं तिथं बसायची रीत नाही, असं अनंतराव काठावरून म्हणाले.

"माती माझी व्हती," ती म्हणाली.

फकिरानं सरकून तिला जागा करून दिली.