होय, मी जाडच आहे!

मी हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम बोलतोय. दुकानाच्या काचेत दिव्याखाली मिरवतो, तो मी नव्हे. मी त्याच्या आधीचा, कारखान्यातला नमुना. माझ्या पाठीवर नाव नाही, मार्करनं काढलेला सातचा आकडा आहे. माझ्या आधी सहा भाऊ होऊन गेले. एक तापून गेला, दोघांचा फरशीवर कपाळमोक्ष झाला. उरलेल्यांचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

जन्माला यायच्या आधीच लोकांनी माझ्याकडे काय काय मागून ठेवलं होतं! कंपनीनं जाहीर केलं, "नवा गेम येतोय, तुमच्या अपेक्षा कळवा." झालं! पत्रांचा ढीग पडला. त्यातली काही आमच्या खोलीच्या भिंतीवर लावली होती. पडदा मोठा हवा, पण गेम खिशात मावला पाहिजे. चित्र लखलखीत हवं, पण चार्जिंग दिवसभर पुरलं पाहिजे. आणि वजन? पिसासारखं! आखूडशिंगी, बहुदुधी आणि वर लाथ न मारणारी गाय म्हणतात ना, ती यांना हवी होती. एकानं तर लिहिलं होतं, "मागच्यापेक्षा काहीतरी भारी करा. काय ते तुमचं तुम्ही बघा."

मला घडवलं एका तरुण डिझायनरनं. अंगानं इतका किडकिडीत की सगळे त्याला सुतळी म्हणत. त्याला बारीक वस्तूंचं वेड. माझ्या कडा तो बोटानं पुन्हा पुन्हा चाचपायचा आणि उसासा टाकायचा. लग्नाच्या मुलीचं वजन बघून आई टाकते तसा.

आणि मला मोडायचं काम होतं तपासणीच्या बाईंकडे. अख्खा विभाग त्यांना हातोडीबाई म्हणायचा, तोंडावरसुद्धा. इथं येण्याआधी वीस वर्षं त्यांचं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी मला मीटरभर उंचीवरून फरशीवर सोडलं, एकदा नाही, सव्वीस वेळा. माझी बटणं यंत्राकडून लाखभर वेळा दाबून घेतली. खरं सांगतो, तेव्हा मला त्या बाईचा मनापासून राग यायचा.

सव्विसाव्या वेळी माझ्या आतली एक वायर निसटली. बाईंनी मला उलटं केलं. पाठीला चार स्क्रू होते. साध्या स्क्रूड्रायव्हरनं त्यांनी मला उघडलं, वायर बसवली, बंद केलं. मी पुन्हा सुरू!

"हे छान केलंस रे," त्या सुतळीला म्हणाल्या.

"ते तात्पुरतं आहे ताई. नमुना सारखा उघडावा लागतो ना, म्हणून. विकायच्या गेमची पाठ चिकटवून टाकणार. दीड मिलीमीटर वाचतो."

"आणि बॅटरी फुगली तर?"

"तर… सर्व्हिस सेंटर आहे की."

"तिथून परत पाठवलेली माणसं माझ्या दुकानात यायची," बाई म्हणाल्या. "नवा घ्या म्हणून सांगितलेली. मी तासभर गरम हवा मारून पाठ सोडवायचे, तोवर पडद्याला तडा. मग पोरं रडायची आणि आईबाप माझ्याकडे बघायचे, जणू मीच फोडलाय."

सुतळीनं काही ते ऐकलं नाही. पंधरा दिवसांत आठवा नमुना आला. बारीक, गुळगुळीत, पाठीला शिवण नाही की स्क्रू नाही. त्याच्या शेजारी मी म्हणजे पाटा! सगळे त्याच्याभोवती जमले. माझ्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला. हो, चहाचा कप!

हातोडीबाईंनी आम्हा दोघांना एका तापलेल्या पेटीत घातलं. चार्ज करायचं, उतरवायचं, पुन्हा चार्ज करायचं. नऊ आठवडे. माणसं दोन वर्षांत जितकं वापरतील तितकं. शेवटी दोघांच्याही बॅटऱ्या फुगल्या. मी काही देवाच्या घरचा नव्हतो. पण मला बाईंनी उघडलं, नवी बॅटरी घातली आणि मी चालू लागलो. आठव्याचा पडदा एका बाजूनं वर उचलला गेला होता. त्याला कुठून उघडणार?

बाईंनी अहवाल लिहिला आणि आठवा पास झाल्याचा कागद मात्र सही न करता विभागाच्या साहेबांसमोर ठेवला. साहेब तसे वाईट नव्हते. पण वरून तारीख आलेली, आणि "सर्वांत बारीक" अशी जाहिरात छापायला गेलेली.

"दोन वर्षांनी फुगली ना?" साहेब म्हणाले. "वॉरंटी एकच वर्षाची आहे. लोक नवा घेतील. सही करा."

"नाही करणार."

"बाई, सही करणारे पुष्कळ मिळतील."

"मिळू देत. त्यांचं नाव घाला. माझं नाव खोट्या कागदावर जाणार नाही."

मग त्यांनी मला साहेबांपुढे सरकवलं आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच बदला बॅटरी. बघा जमतं का."

साहेबांनी बहुधा आयुष्यात स्क्रू फिरवला नव्हता. एक टेबलाखाली पाडला, वाकून शोधला. पण चार मिनिटांत मी उघडून, बॅटरी बदलून, बंद होऊन सुरू झालो. साहेबांच्या चेहऱ्यावर क्षणभर लहान मुलाचं हसू आलं. लगेच त्यांनी ते आवरलं. "ते ठीक आहे. तरी आठवाच जाणार. सुतळी, तुझी सही दे. बाईंच्या जागी मी दुसरं कुणी बघतो."

सुतळीनं आठवा हातात घेतला. तो त्याचा सर्वांत लाडका. उचललेल्या पडद्यावरून त्यानं अंगठा फिरवला.

"सर," तो म्हणाला, "दिसायला हाच चांगला आहे. माझ्या हातून यापेक्षा देखणं काही होणार नाही." आठवा टेबलावर ठेवून तो पुढे म्हणाला, "पण सही मीही करणार नाही."

एका सहीवाचून काम अडत नाही. दोन सह्यांवाचून अडलं. गेम बाजारात यायला चार महिने उशीर झाला, जाहिरात पुन्हा छापावी लागली, आणि हातोडीबाईंची बदली पॅकिंगमध्ये झाली. निघताना त्या साहेबांना म्हणाल्या, "तिथंही प्रत्येक खोकं आपटून बघेन हं!"

परवा गेम बाजारात आला. माझ्यासारखाच, चार स्क्रूंचा. आणि लोकांची बोंबाबोंब सुरू! "केवढा जाडा!" "एवढी वाट बघायला लावून हे ध्यान?" "आमच्या अपेक्षांवर पाणी फिरवलं!"

फिरवलं असेल. मी माफी मागणार नाही. तुम्हाला काय हवं ते तुम्ही सांगितलंत. पण दोन वर्षांनी काय हवं असेल, ते एकाही पत्रात नव्हतं. नावं ठेवायची तर खुशाल ठेवा. पण तुमच्या घरातला माझा भाऊ चालेनासा झाला तर कचऱ्यात टाकण्याआधी त्याला एकदा पालथा घाला. उघडा त्याला. घाबरू नका, साहेबांना जमलं, तुम्हालाही जमेल.

माझं म्हणाल, तर आज माझा शेवटचा दिवस. काम झालेले नमुने यंत्रात चिरडतात, तसा नियम आहे. त्याआधी बॅटरी काढावी लागते, नाहीतर आग लागते. आठव्याची काही निघेना. त्याला वाळूच्या बादलीत घालून वर "धोका" अशी पाटी लावलीय. मला मात्र पॅकिंगमधून हातोडीबाई स्वतः उघडायला येणार आहेत. सुतळीनं तसं सांगून ठेवलंय.

त्यांची पावलं ऐकू येतायत. चला, येऊ दे ते यंत्र. माझ्यासारखे हजारो बाहेर पडलेत, आणि ते सगळे जाड आहेत.