ठिकाण : चतुराबाईंचा बोअर

मंगळवार, तेरा मे. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे. देवगाव रंगारीपासून चार किलोमीटरवर, रानातली दोन घरांची वस्ती.

मी तिथे होते. मी पाण्याच्या नमुन्याची काचेची बाटली. उस्मानपुऱ्यातल्या दुकानातून शहरातल्या एका प्रयोगशाळेत आले, त्याला सहा वर्षे झाली. प्रत्येक खेपेला मला वाफेवर निर्जंतुक करतात, पाण्यातल्या ब्लीचिंगचा अंश मारायला तळाशी चिमूटभर पांढरी पूड घालतात आणि तोंडाला कागद बांधतात. कागद सोडायचा तो नळाखालीच. आत बोटही लावायचे नाही. हा नियम मला पाठ आहे. ज्यांना त्याचा पगार मिळतो त्यांनाही तो पाठ असावा, एवढीच माझी अपेक्षा.

वस्तीवर घरे दोन, बोअर एक. तो चतुराबाईंच्या अंगणात; पाणी त्यांनाही आणि शेजारच्या वहिदालाही. चढाच्या अंगाला आप्पासाहेबांचे लग्नाचे लॉन. तिथल्या संडासांचा सेप्टिक टँक, आणि टँकातले पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा बोअरपासून अठरा पावलांवर. पावले वहिदाने स्वतः मोजून तक्रारीत लिहिली होती. लॉन सुरू झाल्यापासून तिची सात वर्षांची नौशीन दोनदा जुलाबाने सलाईनवर गेली होती. 'पाण्याला वास येतो, तपासा,' एवढेच मागणे होते.

तपासायला आले आमच्या प्रयोगशाळेचे काकासाहेब. तेवीस वर्षे नमुने घेणारा माणूस. आधी ते लॉनवर गेले. जमिनीत पाणी किती लवकर मुरते ते पाहायला एक खड्डा खणवला, पाणी ओतले, घड्याळ लावले. मे महिन्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा. पाणी बघता बघता गायब झाले. 'निचरा उत्तम,' काकासाहेबांनी लिहिले. पाणी गेले कुठे, हा रकाना फॉर्मात नव्हता.

मग ते चतुराबाईंच्या ओट्यावर येऊन टेकले. वहिदा तेव्हा नौशीनला दवाखान्यात दाखवायला गेली होती.

"मावशी, एवढी बाटली भरून आणा. बोअरचंच आणा हां."

"मंग काय समिंदराचं आणू व्हय?" म्हणत चतुराबाईंनी मला आत नेले.

आत त्यांनी कागद सोडला. तळाची पूड पाहून तोंड वाकडे केले आणि मला चुलीवरच्या गरम पाण्याने दोनदा विसळले. आदल्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी आणलेल्या विकतच्या जारमध्ये पाणी उरले होते. त्यांनी मला जारखाली धरले.

"आत्या, ते बोअरचं मागत्यात," सून तनुजा म्हणाली.

"तू गप ऱ्हाय. सायबाच्या टेबलावर आपल्या घरचं पानी जानार. असलं वास मारनारं देऊ?"

काकासाहेबांनी चहा संपवला, माझ्यावर चिठ्ठी चिकटवली. ठिकाण : चतुराबाईंचा बोअर. खाली सही.

अहवाल आला : पाणी पिण्यास योग्य. निचरा उत्तम. तक्रारीत तथ्य नाही. शोषखड्डा आहे तिथेच मंजूर.

तीन जुलैला मी प्रयोगशाळेच्या फळीवर धुऊन उपडी ठेवलेली होते. खिडकीशी दोघी आल्या. चतुराबाईंच्या बांगड्यांचा आवाज मी ओळखला.

"म्या जारचं भरलं, बाई," त्या खिडकीतल्या रूपाला म्हणाल्या. "बाटलीत पावडर सांडल्याली, ती बी धुतली. वास मारतंय आमचं पानी, लाज वाटली."

"मावशी, वास मारतंय म्हणूनच तर अर्ज दिला होता ना मी!" वहिदाचा आवाज चढला. "तुमची लाज राहिली. माझी पोरगी तिसऱ्यांदा ॲडमिट हाय!"

"चुकलं गं माझं. पर त्यो बाबा तरी उठला का? चहा पीत तिथंच बसला."

रूपाने रजिस्टर पाहिले. "आजी, इथं बोअर लिहिलंय. साहेबांची सही आहे. तक्रार निकाली निघाली. आता वरून पत्र आणा."

"वर तर आप्पासाहेबांचं लॉन हाय," वहिदा म्हणाली. "तिथून आणू?"

रूपाने रजिस्टर मिटले. चतुराबाईंनी पिशवीतून थंड पेयाची जुनी बाटली काढून खिडकीत ठेवली. "हे घे. आज सकाळी बोअरचं भरलंय. वास घेऊन बघ."

"असं चालत नाही, आजी. आमच्याच बाटलीत लागतं. आमच्याच माणसानं भरलेलं."

मी तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर होते. स्वच्छ आणि रिकामी.

त्या दोघी पाणी तसेच परत घेऊन गेल्या. माझे मागणे एकच आहे : कागद बांधून मला पुन्हा त्या वस्तीवर न्या, आणि या वेळी बोअरपर्यंत न्या. अंगणात ओट्यापासून तो वीस पावलांवरही नाही.

आज अठरा ऑगस्ट. त्या बोअरच्या पाण्याचा एक थेंबही अजून तपासलेला नाही. तेरा मेला मला कोणी भरले, या रकान्यात रजिस्टरमध्ये अजूनही काकासाहेबांचेच नाव आहे.