नळीवरचा डाग

मागच्या दारातून आत पाऊल टाकताच डेलबर्ट कूपमनच्या नाकात वास शिरला. पितळ घासायच्या लेपाचा वास, त्यात व्हिनेगर मिसळलेलं. वासांच्या बाबतीत डेलबर्टचं नाक कधी चुकत नसे.

"आलास? डोळे मीट," ॲर्डिस स्वयंपाकघरातून ओरडली.

"हा कसला घाणेरडा वास मारतोय?"

"आधी डोळे मीट म्हटलं ना. जन्मात एकदा तरी बायकोचं ऐक!"

त्याने डोळे मिटले नाहीत. स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर त्याची हॅडली, ती जुनी छर्ऱ्याची बंदूक, पडली होती. नव्या कोऱ्या नळासारखी चकाकत होती. बाजूला काळ्या पडलेल्या चिंध्यांचा ढीग, एक जुना दात घासायचा ब्रश आणि मिठाची बरणी. ॲर्डिस टेबलामागे उभी होती. तिची बोटं नखांपर्यंत काळी झाली होती आणि सांध्यांवर टम्म सुजली होती.

"आठवडाभर तू चर्चचं छप्पर दुरुस्त करायला जात होतास ना, तेव्हा रोज थोडी थोडी करत होते," ती म्हणाली. "आणि आधीच सांगते, रंग लावला नाही की मुलामा दिला नाही. तुला त्या नकली मुलाम्याचा राग आहे, ठाऊक आहे मला. नुसती स्वच्छ केली. आतला मूळचा रंग निघालाय बघ! फक्त नळीखालचा तो काळा डाग तेवढा मेला निघता निघेना. शेवटी मीठ आणि व्हिनेगर घालून घासला, तेव्हा कुठे गेला."

डेलबर्टने बंदूक उचलून उलटी केली. डाग खरोखरच गेला होता.

"तुला घाणीची इतकी शिसारी," ॲर्डिस म्हणाली, "हॉटेलात काटा उजेडात धरून बघतोस. आणि बंदुकीवरचा एवढा डाग इतकी वर्षं खपवून कसा घेतलास, देव जाणे!"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. डेलबर्ट कूपमन म्हणजे जगाकडे नाक मुरडून बघणारा माणूस, हे मिशिगनच्या त्या कोपऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आयुष्यभर त्याने नगरपालिकेच्या पाण्याचे मीटर वाचले. मीटर असतात तळघरात, आणि लोक वरच्या मजल्यावर पाहुण्यांना जे दाखवत नाहीत ते सगळं तळघरात असतं. मेलेले उंदीर, बुरशी आलेली लोणची, पलंगाखाली दडवायच्या बाटल्या. गावातल्या प्रत्येक प्रतिष्ठित माणसाचं तळघर डेलबर्टने पाहिलं होतं आणि त्यामुळे त्याला कुणाबद्दलच फारसा आदर उरला नव्हता. रविवारी चर्चमध्ये पाद्री हात मिळवायला आला की त्याला त्याच्या घराखालचा तुंबलेला नाला आठवे.

हॅडली त्याला अशाच एका तळघरात भेटली. एडना क्विस्ट नावाची एकटी म्हातारी होती. तिच्या तळघरात घोट्याएवढं पाणी साचलं होतं आणि नाकाला रुमाल लावून तो मीटर शोधत होता. भिंतीवरच्या खिळ्याला पिठाच्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लटकत होतं. ती लिव्हरची छर्ऱ्याची बंदूक होती, त्याच्या आजोबांच्या लहानपणीची. हॅडलीचा कारखाना तर केव्हाच बंद पडला होता. निकेलचा मुलामा सायीसारखा पिवळसर पडलेला, अक्रोडाचा दस्ता काळवंडलेला, आणि नळीच्या खाली, जिथे डावा हात धरतात तिथे, एक काळसर डाग. निकेल खाल्लं गेलं होतं. नीट पाहिलं तर चार लहान बोटं मोजता येत होती.

"माझ्या भावाची," म्हातारी जिन्यावरून म्हणाली होती. "लहानपणीच घटसर्पाने गेला. दिवसभर हातातून सोडायचा नाही. घामट हात होते त्याचे, आई सारखी ओरडायची. तू घेऊन जा, इथे पाण्यात कुजेल ती. पण घासू नकोस हं. तेवढाच राहिलाय तो."

डेलबर्टने शब्द दिला आणि पाळला. पुढे त्याने आणखी पुष्कळ बंदुका जमवल्या, तळघर भरून टाकलं, पण हॅडलीला तो कापडी हातमोजे घालूनच हात लावी. आतल्या चामड्याच्या वायसरला वर्षातून एकदा तेल पाजी, लिव्हर हलकेच खालीवर करी आणि परत ठेवून देई. मात्र त्या डागाची गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. ॲर्डिसलाही नाही. तिला एवढंच ऐकू आलं होतं, "हात लावू नकोस." तो तर हे मीठदाणीबद्दलही म्हणायचा.

आता तो त्या स्वच्छ नळीकडे बघत उभा राहिला. तोंडावर आलेली शिवी कशीबशी गिळावी लागली.

"बोल की काहीतरी," ॲर्डिस म्हणाली. "नाही आवडलं?"

"चकाकतेय," डेलबर्ट म्हणाला.

एवढ्यावर ती लाल झाली. त्याच्या तोंडून स्तुती ऐकायची तिला सवयच नव्हती.

"गेल्या वर्षी डबा द्यायला आले होते ना मेळाव्याच्या हॉलमध्ये, तेव्हा पाहिलं मी. त्या पलीकडच्या टेबलावर चकचकीत बंदुका, तिथे ही गर्दी. आणि तुझ्या टेबलापुढे चिटपाखरू नाही. वाईट वाटलं रे मला. उद्या बघच तू. उद्या मी पण येणार आहे, लिंबाचा केक घेऊन."

"या वर्षी दुसरी कुठली तरी नेतो," तो सावकाश म्हणाला. "हॅडली राहू दे घरी."

ॲर्डिसचे काळे हात ॲप्रनवर थबकले. त्या चेहऱ्याकडे त्याला बघवेना.

"बरं, नेतो," तो म्हणाला, आणि मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ कुंपणाला धरून उभा राहिला.

बंदूकवाल्यांचा मेळावा दरवर्षी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये भरे. डेलबर्टला त्या हॉलचीही किळस होती. करपलेली कॉफी, सॉसमध्ये लडबडलेल्या खिम्याचे पाव, आणि तंबाखू चघळून कागदी कपात थुंकणारे म्हातारे. पण तिथे त्याला मान होता. भिंतीकडचं लांब टेबल त्याने स्वतः भांडून सुरू करवलं होतं. 'जशीच्या तशी' असं त्या टेबलाचं नाव. त्यावर फक्त न घासलेली, न रंगवलेली, काळाने जशी ठेवली तशी बंदूक मांडायची. टेबलाचा परीक्षक डेलबर्ट. छातीवर निळी फीत लावून, हातमोजे चढवून तो एकेक नळी नाकाशी धरून हुंगायचा आणि लेपाचा वास आला की बंदूक खाली. त्याच्या शब्दावर कुणी अपील करत नसे. निवृत्तीनंतर कुणीतरी आपला शब्द मानतं असं ठिकाण त्याला हेच एक उरलं होतं.

गेल्या वर्षी त्याने क्लेटन रूडची बंदूक टेबलावरून उतरवली होती. क्लेटन जुन्या बंदुका घासूनपुसून विकायचा. त्याने तक्रार केली तेव्हा डेलबर्ट साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, "जुनी बंदूक घासणं म्हणजे मढं उकरून त्याच्या गालाला लाली लावणं. असं करणाऱ्याच्या हातात काटा-चमचासुद्धा देऊ नये." लोक पोट धरून हसले होते. क्लेटन हसला नव्हता.

सकाळी ॲर्डिसने स्वतःच्या हाताने हॅडली टेबलाच्या मधोमध ठेवली आणि दोन पावलं मागे सरून पाहिली. काळवंडलेल्या, पिवळट बंदुकांच्या रांगेत ती एकटी खिडकीच्या उजेडात झगमगत होती. मग ती शेजारच्या टेबलावर केक कापायला लागली. डेलबर्टला उन्हाळ्याच्या दिवसात थंडी वाजत होती.

क्लेटनच पहिला आला. हातात थुंकायचा कप होता. तो टेबलापुढे थांबला, वाकला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. एखाद्या पोराला रस्त्यात नाणं सापडावं तसं.

"अरे वॉल्ट! ए वॉल्ट, इकडे ये लवकर. डेलने आज्जीला कलप लावून आणलाय!"

वॉल्ट झीमर बंदूकवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष. जाडजूड, भला माणूस. तो आला आणि त्याच्यामागे सात-आठ जण आले. वॉल्टने हॅडली उलटी करून नळीखाली पाहिलं. तो डाग त्याला ठाऊक होता. त्याची गोष्ट नव्हती ठाऊक, पण डाग पाहायला तो दरवर्षी यायचा.

"डेल," तो हळूच म्हणाला, "हे कुणी केलं रे?"

"कुणा गाढवाच्या हाती दिली होतीस?" मागून कुणीतरी म्हणालं.

"गाढवसुद्धा असं घासणार नाही," क्लेटन नळीला नाक लावत म्हणाला. "व्हिनेगर आहे हे. शी! ज्याने केलं त्याचे हात तोडायला हवेत."

शेजारच्या टेबलावर सुरी थांबली. डेलबर्टने वळून पाहिलं नाही, पण त्याला कळलं. ॲर्डिस सुरी तशीच हातात घेऊन पुढे आली होती. रात्री दोनदा साबणाने धुऊनही तिच्या नखांत काळं राहिलं होतं आणि आता ती मोकळा हात केकच्या रुमालाखाली लपवत होती.

"ते... मी..." ती म्हणाली.

"मी घासली," डेलबर्ट म्हणाला.

वॉल्टने हॅडली टेबलावर परत ठेवली.

"तू?" वॉल्ट म्हणाला.

"मीच. बहिरा झालास काय? माझी बंदूक आहे, घासावीशी वाटली, घासली."

"काय म्हणत होतास रे गेल्या वर्षी?" क्लेटन गोड आवाजात म्हणाला. त्याने वर्षभर ते जपून ठेवलं असावं. "मढ्याची लाली, असंच काहीतरी होतं ना? काटा-चमचासुद्धा देऊ नये म्हणे हातात. मग आज तू हाताने खाणार की काय?"

लोक हसले. गेल्या वर्षी हसले होते तेच लोक, तसेच पोट धरून. त्या उघड्या तोंडांतले तंबाखूने रंगलेले दात बघून डेलबर्टला इतका तिटकारा आला की दार उघडून सरळ घरी जावंसं वाटलं. गेल्या वर्षी हेच दात त्याला दिसले नव्हते, हेही त्याच्या ध्यानात आलं.

"बरोबर," तो म्हणाला. "मीच म्हणालो होतो. अजूनही म्हणतो."

त्याने छातीवरची निळी फीत काढली. टाचणी अडकली, शर्टाचा दोरा निघाला. फीत वॉल्टच्या हातात देऊन त्याने हॅडली उचलली आणि टेबलावर मधोमध रिकामी जागा राहिली.

"डेल, अरे एवढं काय..." वॉल्ट म्हणाला.

"नियम माझाच आहे," डेलबर्ट म्हणाला. "तुझ्या बापाचा नाही."

हॉलच्या मागे गवतात दोरी बांधून तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी खारी बिस्किटं टांगली होती. जेवणानंतर तिथे सगळ्यांची नेमबाजी चाले, तोवर जागा ओसाड होती. डेलबर्ट तिथल्या बाकावर जाऊन बसला. थोड्या वेळाने ॲर्डिस आली आणि शेजारी बसली. केकची बशी तिने मधे ठेवली.

"त्यांनी तुला कसं हसून घेतलं," ती म्हणाली. "आणि तू धडधडीत खोटं बोललास."

"क्लेटनचा तो कप पाहिलास? त्यात थुंकतो आणि तोच हात केकला लावतो. त्याने घेतलेल्या बाजूचा तुकडा खाऊ नकोस."

"डेल, काय होतं रे त्या डागात?"

बिस्किटांकडे बघत त्याने सांगितलं. तळघरातलं पाणी, पिठाचं पोतं, म्हातारीचा भाऊ, त्याचे घामट हात. सगळं वैतागलेल्या आवाजात, दुसऱ्याच कुणाची तक्रार सांगावी तसं. ॲर्डिसने मधे एकदा तोंडावर हात ठेवला.

"मेल्या, हे आधी नाही सांगता आलं तुला?" ती रडत म्हणाली. "एवढ्या वर्षांत? तोंडाला काय कुलूप लावलं होतं? मी काय दगड होते?"

"नाही सांगितलं," तो म्हणाला. "चुकलंच."

हे त्याने तिला लग्नापासून कधी म्हटलं नव्हतं. ती रडायची थांबली.

डेलबर्टने खिशातून छर्ऱ्यांची डबी काढली. एक छर्रा भरला, लिव्हर खाली ओढून पुन्हा मिटवली. आतला स्प्रिंग कुरकुरला आणि धरला. त्याने बंदूक तिच्यापुढे केली.

"घे."

"मी? हातमोजे कुठायत तुझे?"

"राहू देत. तुझ्या बोटांना लिव्हर झेपणार नाही म्हणून ओढून दिलीय. चाप तेवढा ओढ."

तिने सुजलेल्या बोटांनी डावा हात नळीखाली धरला, बरोबर तिथेच. उजव्या डोळ्याने नेम धरला आणि चाप ओढला. टक् असा बारीक आवाज झाला. कडेचं बिस्किट मधोमध फुटलं आणि अर्धं चिमट्यात लोंबत राहिलं.

"लागलं!" ती म्हणाली.

"शेजारच्याला मारायचं होतं ना तुला?"

"गप्प बस."

तिने बंदूक परत दिली. हॉलमधून हसण्याचा आवाज आला, कुणाची तरी दुसरी थट्टा सुरू झाली होती. डेलबर्टने सवयीने खिशातला तेलाचा रुमाल काढला. चकचकीत नळीवर तिच्या चार बोटांचे ओलसर ठसे उमटले होते, एकाच्या कडेला केकची साखर चिकटलेली. पुसले नाहीत तर हिवाळ्यापर्यंत तिथे गंज धरणार, हे त्याला चांगलं माहीत होतं. त्याने रुमाल घडी करून परत खिशात ठेवला आणि पुढचा छर्रा भरला.